सुलभीकरण नव्हे, आटणी

कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: ‘मॉडेल ऑर्डर रिडक्शन या विषयावर विद्यार्थ्यांसाठी मराठीतून टिपण लिहिते आहे. सर्किटचं हजारो समीकरणांचं मॉडेल दहा-वीस समीकरणांवर आणायचं, म्हणजे सिम्युलेशन लवकर उरकतं, असा हा विषय. याला सुलभीकरण म्हणावं की सरलीकरण? आणि ऑर्डरला कोटी म्हणावं की क्रम?’

सुलभीकरण तर नकोच. हा शब्द इतका बोकाळला आहे की कर्जाच्या अर्जापासून व्याकरणापर्यंत कशाचंही सुलभीकरण होतं. सुलभ म्हणजे मुळात सोपं नव्हे. लभ् म्हणजे मिळणं, सुलभ म्हणजे सहज मिळणारं. त्याचा विरुद्ध शब्द दुर्लभ, आणि दुर्लभचा अर्थ ‘कठीण’ असा कुणीच करत नाही. मॉडेलचं सुलभीकरण म्हणजे मॉडेल दुकानोदुकानी मिळू लागलं, एवढंच.

सरलीकरणाची अडचण वेगळी आहे. शाळेत ‘सरळ रूप द्या’ म्हटलं की राशीचं रूप बदलतं, किंमत बदलत नाही. दोन्ही बाजूंच्या मध्ये बरोबरचं चिन्ह असतं. इथे ते नाही. दहा हजार समीकरणांच्या जागी वीस घेतली की उत्तर जवळचं येतं, तेच येत नाही. किती जवळचं, हाच तर या विषयाचा सगळा अभ्यास. बरोबरीचं आश्वासन देणारा शब्द अशा ठिकाणी वापरणं म्हणजे विद्यार्थ्याला पहिल्याच ओळीत चुकीच्या वाटेला लावणं. शिवाय सरळ म्हटलं की रैखिक (लिनिअर) आठवतं, आणि ते प्रकरण आणखी निराळं.

क्षपण रसायनशास्त्राने घेतलेलं आहे. न्यूनीकरण उच्चारायला जड, आणि त्यात न्यून आहे, म्हणजे उणीव. कुणी ‘अर्क’ सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: अर्क काढताना वाफ धरून ठेवतात आणि भांड्यात उरलेलं टाकतात. आपल्याला नेमकं उलट हवं आहे.

उलट म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. दिवाळी झाली की करवीर-पन्हाळ्याच्या शिवारात चुलाणं पेटतात. काहिलीत ओतलेल्या उसाच्या रसात बहुतेक सगळं पाणीच. ते वाफ होऊन जातं, गोडी राहते, आणि शेवटी ती काहीलभर गोडी चार-दोन ढेपांत मावते. याला आपल्याकडे एकच शब्द आहे: रस आटवला. माझं उत्तर तेच आहे. प्रक्रियेला आटणी म्हणा, हाती येणाऱ्या मॉडेलला आटीव मॉडेल म्हणा. आटीव दूध चालतं तर आटीव मॉडेलही चालेल.

आता मला ज्यासाठी लिहायचं आहे त्याकडे येतो. आटणे हा शब्द आला कुठून?

एका निवृत्त संस्कृत शिक्षकांशी माझा यावर जुना वाद आहे. ते आटणे हे अट् धातूशी जोडतात. अट् म्हणजे हिंडणं, पर्यटनातला तोच. पाणी हिंडत हिंडत निघून जातं म्हणून आटतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे साफ अमान्य आहे. पाणी निघून जाणं हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे, आणि त्याचा पुरावा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सापडतो. जुना दागिना सोनाराकडे नेला तर आपण म्हणतो, पाटल्या आटवल्या. त्यात पाणी कुठे होतं? काय हिंडत गेलं? सोनं तापलं, वितळलं, मुशीत फिरलं, एकजीव झालं. त्यालाही आटवणंच म्हणतात आणि त्या कामाला आटणी. जी व्युत्पत्ती दुधाला लागते आणि सोन्याला लागत नाही ती अर्धवट.

दोन्हींना लागणारा शब्द आहे आवर्तन. आ आणि वृत्, म्हणजे फिरणं, फिरवणं, घोटणं. संस्कृतात धातू वितळवून एकत्र करण्यालाही आवर्तनच म्हणतात. प्राकृतात र्त चा ट्ट होतो आणि मराठीत त्याचा एकच ट उरतो: वर्तुलाचं वाटोळं झालं, वर्त्माची वाट झाली, तसं आवर्त, आवट्ट, आट. हिंदीत दूध औटाते हैं, तिथे मधल्या व चा औ झालेला अजून ऐकू येतो. तापवत ठेवून पुन्हा पुन्हा फिरवणं, हा मूळ अर्थ. पाणी जाणं हा त्याचा परिणाम. अथर्वशीर्षाचं सहस्रावर्तन, तबल्याचं आवर्तन, कालव्याचं उन्हाळी आवर्तन ही सगळी आटीव दुधाची सख्खी भावंडं आहेत.

साक्षीला भास्कराचार्य आहेत. त्यांच्या 1150 मधल्या लीलावती या गणितग्रंथात सोन्याच्या कसाचं गणित येतं. वर्ण म्हणजे सोन्याच्या शुद्धतेची पायरी, माषा म्हणजे जुनं वजन. तेरा, बारा, अकरा आणि दहा वर्णांचं सोनं अनुक्रमे दहा, चार, दोन आणि चार माषे घेतलं. ते ‘आवर्तितेषु’, म्हणजे आटवल्यावर, वर्ण किती? वजन आणि वर्ण यांचे गुणाकार करून मिळवले तर 240, एकूण वजन 20, म्हणून वर्ण 12. गणित इथे थांबत नाही. हेच सोनं शुद्ध करताना वीस माष्यांचे सोळा राहिले तर? वर्ण 15. वजन घटलं, पण 240 तसेच राहिले.

हे 240 लक्षात ठेवा. आकार घटवायचा, पण आधी ठरवलेली एक राशी हलू द्यायची नाही: बाईंचा विषय याच कल्पनेवर उभा आहे.

चिपवरची एक लांब तार घ्या. तिचे हजार तुकडे कल्पा, प्रत्येकाला थोडा रोध (रेझिस्टन्स) आणि थोडी धारिता (कपॅसिटन्स). प्रत्येक सांध्यावरचं व्होल्टेज अज्ञात, म्हणून हजार समीकरणं. खऱ्या चिपवर अशा तारा लाखोंनी. 1970 च्या दशकात बर्कलीत तयार झालेल्या स्पाइसपासून सगळे सिम्युलेटर, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून पाहणारे प्रोग्रॅम, ही समीकरणं काळाच्या प्रत्येक बारीक पावलाला नव्याने सोडवतात. पण तारेच्या पोटात 437 व्या सांध्यावर काय चाललं आहे ते आपल्याला नको असतं. या टोकाला संकेत दिला तर त्या टोकाला केव्हा आणि कसा निघतो, एवढंच हवं असतं. तीच गोडी, बाकीचं पाणी.

एल्मोर या संशोधकाने 1948 मध्येच दाखवलं की त्या टोकाच्या प्रतिसादाचा फक्त पहिला आघूर्ण घेतला तरी विलंबाचा चांगला अंदाज येतो. पहिला आघूर्ण (मोमेंट) म्हणजे वेळ आणि त्या वेळचा प्रतिसाद यांच्या गुणाकारांची बेरीज; पुढच्या आघूर्णांत वेळेऐवजी तिचा वर्ग, घन असं घ्यायचं. वजन गुणिले वर्ण करून बेरीज घेण्याचा सांगाडा हाच! एकसारख्या तारेसाठी हा विलंब येतो एकूण रोध गुणिले एकूण धारिता, त्याच्या निम्मा. हजार समीकरणांतून एक आकडा उरला. इतकं आटवलं की मात्र प्रतिसादाचा आकार हरवतो. 1990 मध्ये पिलेज आणि रोरर यांनी पहिलेच नव्हे, पुढचेही आघूर्ण जुळवले: लहान मॉडेलचे पहिले काही आघूर्ण मोठ्याच्या आघूर्णांइतकेच ठेवायचे. 240 चे 240.

हे आघूर्ण काढतात कसे, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. एक सदिश (व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची एक रांग) घ्यायचा, त्याला सर्किटच्या सारणीने (मॅट्रिक्सने) गुणायचं, आलेल्याला पुन्हा गुणायचं, पुन्हा, पुन्हा. जहाजांचं गणित करणाऱ्या क्रिलोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञाच्या 1931 च्या लेखावरून या सदिशांनी व्यापलेल्या अवकाशाला त्याचं नाव पडलं. तीच सारणी, फेऱ्यावर फेरा. याला आवर्तन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? रिडक्शन या लॅटिन वळणाच्या शब्दात फक्त ‘मागे नेणं’ आहे. कसं नेलं ते त्यात नाही. आपल्या आटणीत कृतीसुद्धा आहे.

पुढचं गुऱ्हाळात उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. रस घट्ट होऊ लागला की फावडं थांबवून चालत नाही, तळाला लागतो. 1990 च्या पद्धतीत हेच व्हायचं. पुन्हा पुन्हा गुणत गेलं की सगळे सदिश एकाच दिशेला झुकू लागतात; संगणकाचे सोळाएक अंक संपतात आणि थोड्याच आघूर्णांपुढे नवीन काही हाती लागत नाही. उपाय जुनाच निघाला, लांक्झोसचा 1950 चा आणि अर्नोल्डीचा 1951 चा: प्रत्येक फेऱ्यानंतर नव्या सदिशातून आधीच्या सदिशांच्या दिशा वजा करायच्या, म्हणजे तो त्यांना चिकटत नाही. फेल्डमान आणि फ्रॉइंट यांनी 1995 मध्ये लांक्झोसची रीत सर्किटांना लावली.

1998 मध्ये प्रायमा ही पद्धत आली, तिने एक अट सांभाळली जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तारेत रोध आणि धारिताच आहेत, ती स्वतःची ऊर्जा तयार करू शकत नाही. आटीव मॉडेलनेही करता कामा नये. केलीच, तर ते एकटं ठीक दिसेल, पण बाकीच्या सर्किटला जोडल्यावर सगळंच भरकटू शकतं. रसात होती त्याहून जास्त गोडी गुळात आली तर साखर मिसळली हे उघड आहे. तीच परीक्षा ही.

मॉडेल लहान करण्याची मूर यांची 1981 ची आणखी एक पद्धत आहे, तिला मात्र आटणी म्हणू नका. ती मळी काढणं आहे. तिथे आधी सगळ्या अवस्था, म्हणजे मॉडेलमधल्या अज्ञात राशी, अशा मांडून घेतात की ज्या बाहेरून हलवायला अवघड आणि बाहेर दिसायलाही अवघड, त्या एका बाजूला याव्यात. मग त्या छाटतात. भेंडीचा चीक घातल्यावर मळी वर तरंगते आणि मग झाऱ्याने उचलतात, तसं. दोन्ही पद्धतींना एकच नाव देणारी पुस्तकं विद्यार्थ्याचं नुकसान करतात.

बाईंना वर्गात एक आक्षेप नक्की येईल: विहीर आटते, दुभत्या म्हशीचं दूध आटतं, माया आटते, सगळं वाईटच. त्यावर सांगावं की विहीर आटते आणि बासुंदी आटवतात. पहिलं आपोआप होणारं नुकसान, दुसरं करणाऱ्याचं कसब. तो ‘व’ सोडू नका. ‘मॉडेल आटलं’ कधीही लिहू नका, ‘आटवलं’ लिहा. किती आटवायचं हा प्रश्नही मराठीत आयता आहे: काकवीवर थांबायचं की गुळापर्यंत जायचं. पन्नास समीकरणं ठेवली तर काकवी, पाच ठेवली तर गूळ.

जुन्या गणितात दोन राशींना सामाईक अवयवाने भागून लहान करण्याला अपवर्तन म्हणत; लीलावतीतच कुट्टकाच्या, म्हणजे पूर्णांकी उत्तरं शोधण्याच्या रीतीच्या, आरंभी ते येतं. वृत् धातूचाच तो दुसरा मुलगा, आणि रिडक्शनला किती नेमका बसला असता! पण पाठ्यपुस्तकांनी तो प्रकाश वाकण्याला देऊन टाकला. तो शब्द आता परत मागता येणार नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मॉडेल तसंच राहू द्या. प्रारूप म्हटलं की ठरावाचा कच्चा मसुदा डोळ्यांसमोर येतो. आणि ऑर्डर: कोटी नको, कारण ‘मॉडेलची कोटी दहा हजारांवरून वीसवर आणली’ हे वाक्य वाचणारा आधी पैसे मोजेल. क्रम म्हटलं की आधी-नंतर येतं. या विषयात ऑर्डर म्हणजे अवस्थांची संख्या, दुसरं काही नाही, म्हणून सरळ अवस्थासंख्या लिहा: ‘दहा हजार अवस्थांचं मॉडेल वीस अवस्थांपर्यंत आटवलं.’