पिट्युटरीचं ऑपरेशन नाकातून असलं तरी क्लेम नाकाचा होऊ देऊ नका

आईच्या पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) गाठीचं ऑपरेशन नाकातून आहे म्हणून टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाचं धरून कॅशलेस नाकारलं, हे तुमचं वाचलं अन् डोकंच फिरलं. मिसेसच्या वेळी आमच्यासोबत सेम हेच झालं होतं. एमआरआय, फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते बघणारी डोळ्यांची तपासणी) झालंच असेल, त्यात जात नाही. फक्त प्रोलॅक्टिनचा (पिट्युटरीतलं एक हार्मोन) रिपोर्ट आलाय का बघा, गाठ ते बनवणारी निघाली तर बऱ्याचदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांवरच भागतं (मी डॉक्टर नाही, सरांनाच विचारा).

आता मेन भानगड. यात बहुतेक दोन सर्जन असतात, ईएनटीवाले नाकातून मागच्या स्फेनॉइड सायनसपर्यंत (हाडातली पोकळी) वाट करून देतात, तिथून पुढे गाठ काढायचं काम न्यूरोवाल्यांचं. आमच्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कने प्री-ऑथ फॉर्मवर (कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज) काय लिहावं, तर 'एंडोस्कोपिक नेझल सर्जरी', अन् डॉक्टर म्हणून नाव ईएनटीचं! पॉलिसीला दोन वर्षं झाली नव्हती, सायनस अन् नाकाच्या पडद्याला दोन वर्षांचा वेटिंग पीरियड (तोवर क्लेम मिळत नाही), झालं, रिजेक्ट. डेस्कवाला म्हणे टीपीएला विचारा, टीपीए म्हणे हॉस्पिटलने क्वेरीला उत्तर द्यावं, कंपनीचा नंबर नुसता गाणं वाजवत राहते, अन् इकडे बाईची नजर कमी होत चाललेली. शेवटी उसनवारी करून पैसे भरले, ते परत मिळेपर्यंत नाकी नऊ आले बाप्पा.

त्यामुळे न्यूरोसर्जनच्या लेटरहेडवर लिहून घ्या की गाठ कवटीच्या तळाशी आहे, नाक हा फक्त रस्ता आहे, डोळ्याच्या नसेवर दाब असेल तर तेही, अन् सोबत फील्ड टेस्ट जोडा. नकार लेखीच मागा, कलमासकट. पॉलिसीच्या वेटिंग लिस्टमध्ये 'बिनाइन ट्यूमर' (कॅन्सर नसलेली गाठ) आहे का तेही वाचा, काही पॉलिसीत असते, मग भांडण अवघड जाईल. पॉलिसी पोर्ट केलेली (दुसऱ्या कंपनीकडून इकडे आणलेली) असेल तर वेटिंगमध्ये आधीची वर्षं धरावी लागतात, हे कोणी स्वतःहून सांगत नाही. कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला मेल करा, महिनाभरात काही झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

घरी आणल्यावर नाक शिंकरू देऊ नका. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपटप गळलं तर सर्दी समजून बसायचं नाही, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, लगेच फोन करा. अन् आपल्याकडे उन्हाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा 'पाणी पाजा, पाणी पाजा' करते, ते ऐकू नका, या ऑपरेशननंतर आठवडाभराने रक्तातलं सोडियम उतरू शकते, पाणी सर सांगतील तेवढंच. सोडियमची टेस्ट कधी करायची ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. हॉस्पिटल नागपूरच्या धंतोलीत असेल तर कार नेऊ नका, पार्किंग शोधण्यात ओपीडीचा नंबर निघून जातो.

रिजेक्शन लेटर नाव अन् पॉलिसी नंबर झाकून टाका इथे, कोणतं कलम लावलंय ते बघून सांगतो.