बेसबॉलमध्ये खेळाडू चारदा बॅटिंगला आला, पण स्कोअरकार्डावर अ‍ॅट-बॅट (सरासरीसाठी मोजली जाणारी पाळी) दोनच कसे?

कारण बॅटिंगला येणं आणि अ‍ॅट-बॅट मोजला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, पहिल्यांदा त्याला वॉक मिळाला, म्हणजे चार बॉल चुकीचे पडल्याने फुकट पहिला बेस. दुसऱ्यांदा त्याने उंच फटका मारला, त्याचा झेल घेतला गेला, पण तिसऱ्या बेसवरचा गडी धावून आला आणि रन झाली. हा सॅक्रिफाइस फ्लाय. हे दोन्ही अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. बॉल अंगाला लागून बेस मिळाला तरी तसंच. तिसऱ्यांदा स्वच्छ सिंगल, फटक्यावर पहिला बेस गाठला, म्हणजे हिट. चौथ्यांदा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हातून सोपा बॉल सुटला. फलंदाज बेसवर पोचला, तरी ही एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक: अ‍ॅट-बॅट धरला जातो, हिट मिळत नाही. हिट की एरर, हे अंपायर नव्हे, ऑफिशियल स्कोअरर ठरवतो. वाद इथेच होतात! तर दोनात एक हिट, सरासरी .500.

बोस्टन रेड सॉक्सचा फलंदाज टेड विल्यम्सची 1941 ची .406 सरासरी म्हणजे 456 अ‍ॅट-बॅटमध्ये 185 हिट. तेव्हा सॅक्रिफाइस फ्लायची सूट नव्हती, नाहीतर आकडा आणखी चढला असता.