प्रश्न तुमचे: मुंबईच्या प्रदर्शनाला निघताना वहीत काय हवं?

प्रश्न: नवी पेठेत लेडीज कुर्ती आणि लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. आजवर माल चाटी गल्लीतून आणि दारावर येणाऱ्या एजंटांकडून घेतला. यंदा दिवाळीच्या मालासाठी पहिल्यांदाच गोरेगावच्या रेडिमेड कपड्यांच्या प्रदर्शनाला जातोय. दोन दिवस हाताशी आहेत. तयारी काय करू?
— एक वाचक, सोलापूर

गाडीचं तिकीट काढण्याआधी खरेदीचा आकडा काढा. तिथल्या दिव्यांच्या लखलखाटात प्रत्येक डिझाइन खपेल असंच वाटतं, म्हणून हा आकडा सोलापुरातच वहीत उतरलेला हवा.

हिशेब असा मांडा. नवरात्र ते दिवाळी 12 लाखांची विक्री धरली, सेलमध्ये सोडावी लागणारी सूट 50 हजार आणि दिवाळीनंतर दुकानात राहायला हवा तो माल 3 लाखांचा. बेरीज साडेपंधरा लाख. त्यातून हातातला साठा साडेचार लाख आणि आधीच सांगून ठेवलेला माल 1 लाख वजा करा. उरले 10 लाख. हे सगळे आकडे विक्रीच्या भावाचे, जीएसटी वगळून. तुमचं मार्जिन विक्रीच्या भावावर 40 टक्के असेल तर खरेदी 6 लाखांची. इथं हमखास होणारी चूक म्हणजे विक्री विकायच्या भावाने धरायची आणि साठा मात्र खरेदीच्या भावाने. तसं केलं की साठा कमी दिसतो आणि गरजेपेक्षा जास्त माल उचलला जातो.

मार्जिनचा घोळही आधीच मिटवा. 600 च्या कुर्तीवर 40 टक्के चढवून 840 ला विकली, तर सुटतात 240, म्हणजे विक्रीवर साडेअठ्ठावीस टक्केच. 1,000 एमआरपी लावली तरी त्यात 5 टक्के जीएसटी आत असतो. तो काढला की हाती 952 राहतात आणि मार्जिन 37 टक्क्यांवर येतं. भारी मालाला आणखी एक गाठ आहे. नगाची किंमत 2,500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेली की 18. 2,500 चा ड्रेस करासह 2,625 ला जातो आणि 2,600 चा 3,068 ला. तुम्ही 100 रुपये वाढवले की गिऱ्हाइकाच्या खिशातून 443 जास्त जातात. त्या पट्ट्यातला माल जपूनच घ्या.

आता साइज. आमच्या मते पैसा सगळ्यात जास्त अडकतो तो इथंच. उत्पादक एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असा एकेक नगाचा सेट देतो. मागच्या दिवाळीची बिलं काढून साइजप्रमाणे नग मोजा. समजा तुमच्याकडे 1:2:2:1 या प्रमाणात खप आहे आणि तुम्ही 6 सेट, म्हणजे 24 नग घेतले. मधल्या दोन साइजचे 12 नग संपतील तेव्हा कडेच्या साइजचे 6 गेलेले असतील आणि 6 हँगरवर लटकत राहतील. चौथा हिस्सा माल पडून, आणि एल मागणारी बाई रिकाम्या हाती परत. म्हणून भावाच्या आधी ‘साइज तोडून देता का?’, म्हणजे पूर्ण सेटऐवजी हव्या त्या साइजचे नग देता का, हे विचारा. बरेच जण ठरावीक नगांच्या वर देतात.

प्रदर्शनाला नेताना जीएसटी प्रमाणपत्राची प्रत, ओळखपत्र, भरपूर व्हिजिटिंग कार्डं, इंचटेप आणि दोन-तीन पांढरे सुती रुमाल घ्या. नोंदणी ऑनलाइन आधीच करून ठेवा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून दादरला उतरलात की लोकलने गोरेगाव गाठता येतं.

पहिल्या दिवशी ऑर्डर लिहू नका. फक्त फिरा. प्रत्येक पसंतीसाठी वहीत गाळा नंबर, डिझाइन नंबर, भाव, कमीत कमी नग आणि माल कधी मिळेल ते टिपा. फोटो काढायचा तर आधी विचारून, आणि चौकटीत त्यांचं कार्ड धरून, नाहीतर रात्री दोनशे फोटोंत कुठली कुर्ती कुणाची ते कळत नाही. गडद रंगाचा नग दिसला की रुमालाचा कोपरा ओला करून शिवणीच्या आतल्या बाजूला दहा वेळा घासा. निळा किंवा मरून डाग उमटला तर तो रंग पुढे गिऱ्हाइकाच्या घरी बादलीत उतरणार. टेप लावून छाती मोजा. एकाचा एल 40 चा, दुसऱ्याचा 42 चा निघतो.

रात्री बसून भाव ताडून पाहा आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर द्या, तीही 6 लाखांतल्या 60-65 टक्क्यांचीच. बाकी रक्कम चाललेल्या डिझाइनच्या रिपीटसाठी राखा. ऑर्डरवर माल पोचायची शेवटची तारीख आणि ‘त्यानंतर माल घेणार नाही’ हे वाक्य लिहून सही घ्या. नवरात्राचा माल दसऱ्यानंतर आला तर तो साठाच.

प्रश्न: स्टॉलवाले 90 दिवसांची उधारी देतात म्हणे. घ्यावी का?
— एक वाचक, बार्शी

आधी त्यांची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का ते विचारा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. ही मुदत उलटली आणि 31 मार्चला बिल बाकी राहिलं, तर त्या वर्षीच्या प्राप्तिकरात त्या खरेदीची वजावट मिळत नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळते. निव्वळ व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम नाही. बिलाच्या तारखेत ट्रान्सपोर्टचे दिवस धरून बोला. माल वाहून नेताना सोबत लागणारं ऑनलाइन ई-वे बिल राज्याबाहेरच्या मालाला 50 हजारांवर, राज्यातल्या मालाला 1 लाखावर लागतं.

प्रश्न: पंढरपुरात टॉवेल-चादरींचं दुकान आहे. प्रदर्शनात सगळेच ‘500 जीएसएम’ म्हणतात. जागेवर कसं ओळखायचं?
— एक वाचक, पंढरपूर

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, म्हणून छोटा वजनकाटा सोबत ठेवा. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. 500 जीएसएमचा असेल तर वजन 560 ग्रॅमच्या आसपास हवं. काट्यावर 450 दिसले तर तो 400 जीएसएमचा. लेबलवरचं माप धरू नका, टेपने मोजा, कारण दोन-तीन सेंटिमीटर सहज कमी भरतात. पावसाळ्यात सूत ओल धरतं, तेव्हा चार-दोन ग्रॅमवरून भांडू नका.

हाताला मऊ लागला म्हणून भुलू नका. सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारला की टॉवेल लोण्यासारखा लागतो, पण पाणी टिपत नाही. त्यावर पाण्याचा थेंब सोडा. दोन-चार सेकंदांत मुरला तर ठीक, मण्यासारखा वर उभा राहिला तर नको. एक नग विकत घेऊन घरी तीनदा धुवा, पुन्हा मोजा, आणि मगच मोठी ऑर्डर फोनवरून द्या.