19व्या शतकातल्या शेतकरी खापरपणजीचा माग कागदांत कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: वंशावळ खापरपणजोबांपर्यंत आहे, पण त्यांच्या बायकोचं नावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नाही. ती 1850 च्या आगेमागे जन्मलेली, शेतात राबणारी, निरक्षर बाई. तिचं कागदोपत्री काही सापडेल का?

सापडतं. पण तिचं नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. मी पहिली दोन वर्षं तेच करत होते.

आमचं गाव भीमथडीतलं, आताच्या दौंड तालुक्यात. त्या काळच्या महसुली कागदांत खातेदार पुरुष. तो गेला की जमीन मुलांकडे, आईला फक्त अन्नवस्त्र. त्यामुळे नवरा म्हातारा होऊन गेला आणि मुलं कर्ती असली, तर बाई कागदावर उमटतच नाही. नवरा तरणा गेला, पोरं लहान राहिली, सावकार दारात आला, तर ती येते. म्हणजे सुखानं नांदलेल्या बाईचा कागद मिळणं कठीण, आणि जिचा मिळतो तिचं काय झालं असेल हे कागद उघडण्याआधीच कळतं. म्हणून शोध नावाचा नको, अडचणीचा घ्या. तुमच्या घराण्यात कोण अकाली गेलं, जमीन कधी गहाण पडली, दत्तक कधी आला, हे आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आमच्या पत्र्याच्या पेटीत एक मोडी गहाणखत होतं. काकांना त्यातले दोनचार शब्द लागायचे, त्यावरून तो खापरपणजोबांचा कागद असं घरात ठरून गेलेलं. त्यातला 'कोम' हा शब्द त्यांनी जात म्हणून वाचला होता! मोडी वाचणाऱ्या बाईंकडे नेल्यावर उलगडा झाला. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. (काही भागांत 'मर्द', 'भ्रतार' किंवा 'जौजे' असतं.) कागद करून देणारी खापरपणजीच होती. शके 1804, म्हणजे 78 मिळवून इसवी सन 1882. उमर अदमासे 28. धंदा शेतकी. स्वतःकरिता आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाची पालनकर्ती म्हणून तिनं बैलजोडीसाठी एक शेत गहाण टाकलं होतं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, घरातल्या काही जणांना रुचायचं नाही.

तारखेला मोल का, ते सांगते. 1876-77 च्या दुष्काळात आमच्या भागातली गुरं मोठ्या प्रमाणात मेली. त्याच्या आधी, मे 1875 मध्ये, जवळच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-रोखे जाळले होते. त्या दंग्यानंतर 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यानं सावकाराला लिहून द्यायचा दस्त गावनिबंधकासमोर करावा लागे, आणि सही-निशाणीआधी तो मोठ्यानं वाचून दाखवावा लागे. म्हणजे त्या दिवशी ती स्वतः तिथं उभी होती आणि तिनं तो कागद ऐकला होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकरी बाईबद्दल इतकं खात्रीनं सांगता येणं मला अजून नवल वाटतं.

आणि 'धंदा शेतकी'. पुढच्या कुठल्याही कागदात तिच्यापुढे हे शब्द नाहीत.

खाली निशाणी. शेतकरी पुरुषांची नांगराची, बायकांची बांगडीची. एक वेडंवाकडं वर्तुळ, शेजारी लिहिणाऱ्याचं 'बकलम'. विधवेच्या हातात बांगडी उरत नसे, पण निशाणी बांगडीचीच.

साक्षीदारांची नावं मात्र सोडू नका. आमच्या दस्तावर एका साक्षीदाराचं आडनाव गावात कुणाचंच नव्हतं, आणि नावापुढे चार कोसांवरचं गाव होतं. परक्या गावचा माणूस विधवेच्या दस्ताला साक्ष राहायला येतो, तर बहुतेक तो भाऊ. ही नुसती अटकळ झाली, म्हणून मी नाशिकला गेले.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा मला सगळ्यांत भरवशाचा मार्ग वाटतो, कारण श्राद्धाला बायकांची नावं लागतात: आई, आजी, पणजी. महसुलाला त्यांची गरज नव्हती, पिंडाला होती. रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्याय कोण ते कळतं. आमच्या गुरुजींनी पहिला प्रश्न केला, "सासरचं बघायचं का माहेरचं?" सासरच्या नामावळीत ती मुलाच्या नोंदीत 'मातोश्री' म्हणून निघाली. मग त्या साक्षीदाराच्या गावची वही दुसऱ्या उपाध्यायांकडे मिळाली. त्यात त्याच्या बहिणींत तिचं नाव आणि पुढे आमचं गाव. नाव मात्र निराळं होतं, कारण लग्नात बदललेलं. दोन्ही नावं एकाच बाईची, हे गाव जुळल्यावाचून कळलं नसतं. दक्षिणा द्या, घाई करू नका, आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पंढरपूर आणि त्र्यंबकेश्वरलाही अशा वह्या आहेत. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हेळव्यांना, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी ठेवणाऱ्यांना, विचारा.

बाकीचं थोडक्यात. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, यात जन्म-मृत्यू असतात. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात अशा पुष्कळ वह्या स्कॅन झाल्या आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार चढल्या. त्या जातीसाठी शोधल्या गेल्या, पण आपल्यालाही चालतात. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं, पोरांची नावं सापडतीलच असं नाही. मृत्यूचं कारण 'ताप' लिहिलं असेल तर त्यावर फार विसंबू नका, त्या रकान्यात काहीही जायचं. फेरफार 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरचे, तरी वाचा. 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती आई, असं दिसलं तर ती तुमची बाई. 'पाट लावला सबब नाव कमी' असं असेल तर ती मेली नाही, दुसऱ्या घरी गेली. 1856 च्या कायद्यानं पुन्हा लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जात असे. आमच्या चुलत घरात अशा एका बाईला वंशावळीत 'निपुत्रिक मयत' लिहून मोकळे झाले होते. तिला पुढे तीन मुलगे झाले.

निबंधक कार्यालयात सगळे सूची दोन मागतात, ती मिळकतीची. तुम्ही सूची एक मागा, ती माणसांच्या नावांची. कागदावर फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, असेल तर इसवी सनासाठी आपल्याकडे 590 मिळवा, आणि वर्ष मृगाला सुरू होतं हे ध्यानात ठेवा.

तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात ते लिहा, मग नेमकं सांगता येईल. मराठवाड्यातले असाल तर निजामाच्या वेळचे कागद फारसी-उर्दूत निघतील, तिथं माझा काही उपयोग नाही. मी अजून कोतवाल बुकातल्या दोन 'मुलगी'च्या मागे आहे. बापाचं नाव खापरपणजोबांचं, साल 1874 आणि 1877. धाकटीचं सासर बहुतेक शिरूरकडचं, आणि तिथल्या उपाध्यायांची वही दिवाळीनंतर बघायला मिळणार आहे.