वाचकांचे प्रश्न : ‘एल्डन रिंग’मध्ये गुण कोठे खर्च करावेत?

फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला, तरी त्याविषयीची पत्रे अजून येतच आहेत. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे असतो : पात्राचा बिल्ड कसा ठरवावा, म्हणजेच लेव्हल वाढवताना हाती येणारा एकेक गुण आठ गुणधर्मांपैकी कोणत्या खात्यात टाकावा. व्हिगरवर हेल्थ म्हणजे जीवशक्ती ठरते, माइंडवर जादू वापरण्याची शक्ती आणि एन्ड्युरन्सवर ओझे पेलण्याची क्षमता; स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, इंटेलिजन्स, फेथ आणि आर्केन यांवर शस्त्रांचा आणि जादूचा मारा. या वेळी अशा पाच पत्रांना उत्तरे देत आहे. दुसऱ्या पत्रात अनेकांची चूक एकत्र सापडते, म्हणून त्याचे उत्तर अंमळ लांबले आहे.

प्रश्न : मी या प्रकारचा गेम प्रथमच खेळणार आहे. सुरुवातीला दहा वर्ग दिसतात. चुकीचा वर्ग निवडला तर पुढे पस्तावण्याची वेळ येईल का?

उत्तर : नाही. वर्ग म्हणजे केवळ सुरुवातीची शिल्लक आणि सोबत मिळणारे साहित्य. सामुराई निवडणाऱ्याला पुढे जादू शिकता येते आणि ॲस्ट्रॉलॉजरला जड तलवार उचलता येते. फरक पडतो तो फार तर काही लेव्हलांचा, कारण नको असलेल्या गुणधर्मांत आधीच पडलेले गुण काढून घेता येत नाहीत. त्यामुळे पहिल्या दहा-बारा तासांत कोण तुम्हाला तगवून धरेल, एवढाच विचार करावा. व्हॅगाबाँडकडे ढाल, जाड चिलखत आणि १५ व्हिगर असते. सामुराईकडे धनुष्य असते आणि सलग वार बसत गेले की शत्रूचा रक्तस्राव घडवणारी उचिगाताना ही तलवार असते. या दोघांपैकी कोणीही चालेल. रेच मात्र पहिल्या खेपेस टाळावा. तो लेव्हल १ वर, सर्व गुणधर्म १० घेऊन आणि हातात सोटा घेऊन उभा राहतो, अंगावर चिलखताचा तुकडाही नसतो. खेळ पाठ असलेल्यांनी स्वतःची परीक्षा पाहण्यासाठी तो ठेवलेला आहे, असे मी मानतो.

प्रश्न : व्हॅगाबाँड घेऊन मी लेव्हल ५० पर्यंत आलो आहे. गॉड्रिक आणि रेनाला या बॉसना (मोठ्या शत्रूंना) हरवले, पण केलिड या प्रदेशात राडान या बॉससमोर गेले चार दिवस हरतो आहे. व्हिगर १७, माइंड १४, एन्ड्युरन्स १५, स्ट्रेंग्थ २०, डेक्स्टेरिटी २०, इंटेलिजन्स १८, फेथ १६, आर्केन ९ असे आकडे आहेत. हातात क्लेमोर ही तलवार आहे, +६ पर्यंत सुधारलेली, आणि प्रसंग पडल्यास वापरण्यासाठी जादूची काठीही ठेवली आहे. सर्व काही थोडे थोडे असावे, असा माझा विचार होता. माझा हात कच्चा आहे की बिल्ड?

उत्तर : हात कच्चा असता तर गॉड्रिकनेच तुम्हाला अडवले असते. दोष वाटणीत आहे, आणि आकडे पाठवल्यामुळे तो नेमका दाखवता येतो. व्हॅगाबाँड लेव्हल ९ वर सुरू होतो, म्हणजे तुम्ही आजवर ४१ गुण खर्च केले. त्यांतले व्हिगरच्या वाट्याला अवघे २ आले, तर इंटेलिजन्स, फेथ आणि आर्केन यांवर मिळून १८ गेले. आता स्वतःला एक प्रश्न विचारा : राडानशी लढताना तुम्ही ती काठी किती वेळा बाहेर काढली? माझा अंदाज आहे की पहिल्या दिवसानंतर एकदाही नाही. इंटेलिजन्स १८ असलेल्याची जादू राडानला जेमतेम ओरखडा काढते. ती काठी सांभाळण्यासाठी तुम्ही ९ गुण दिलेत, आणि त्याची किंमत तुमच्या हेल्थने मोजली.

१७ व्हिगरला हेल्थ ५७० च्या आसपास असते. २५ ला ती ८०० होते, ४० ला १४५० आणि ६० ला १९००. त्यापुढे ९९ पर्यंत, म्हणजे तब्बल ३९ गुण ओतल्यावर, ती केवळ २१०० वर पोहोचते. २५ ते ४० या टप्प्यात प्रत्येक गुणामागे सरासरी ४३ हेल्थ मिळते, ४० ते ६० मध्ये बावीस-तेवीस आणि ६० नंतर जेमतेम ५. परतावा जेथे असा घसरतो त्या टप्प्याला खेळाडू ‘सॉफ्ट कॅप’ म्हणतात, आणि बिल्ड ठरवणे म्हणजे बहुतांशी या टप्प्यांचे भान ठेवून थांबणे. तुम्ही व्हिगरच्या बाबतीत सर्वांत फायद्याच्या टप्प्याच्या अलीकडेच थांबला आहात.

सुदैवाने तुम्ही रेनालाला हरवले आहे. राया लुकारिया या जादूच्या अकादमीच्या ग्रंथालयात ती आता तुमच्याशी बोलेल, आणि लार्व्हल टिअर ही वस्तू एक दिल्यास सर्व गुण नव्याने वाटू देईल. अट एवढीच की कोणताही गुणधर्म वर्गाच्या मूळ आकड्याखाली जात नाही, त्यामुळे इंटेलिजन्स ९, फेथ ९, आर्केन ७ आणि माइंड १० ही तुमची तळरेषा राहील. उरलेले गुण मी असे मांडीन : व्हिगर ३५, एन्ड्युरन्स १८, स्ट्रेंग्थ २८ आणि डेक्स्टेरिटी १३. बेरीज तीच, लेव्हल तीच, मात्र हेल्थ १२०० च्या पुढे जाते. डेक्स्टेरिटी १३ वर का थांबवली, तर क्लेमोर उचलण्यासाठी नेमकी तेवढीच लागते आणि व्हॅगाबाँडला ती जन्मजात मिळते. शिवाय शस्त्र दोन्ही हातांनी धरले की खेळ स्ट्रेंग्थ दीडपट धरतो, त्यामुळे तुमचे २८ प्रत्यक्षात ४२ ठरतात. डेक्स्टेरिटीला अशी सवलत नाही, म्हणून दोन्हींचे २०-२० हे तुमचे समीकरण दिसायला समतोल असले तरी आतबट्ट्याचे होते.

यानंतर क्लेमोरला हेवी ॲफिनिटी द्यावी, म्हणजे तिचा मारा स्ट्रेंग्थवरच वाढेल. त्यासाठी लागणारे आयर्न व्हेटब्लेड स्टॉर्मव्हेल किल्ल्यात आहे. बहुतेकांच्या नजरेतून ते निसटते, तेव्हा एकदा सामानात पाहून घ्या.

गुणांइतकेच, किंबहुना या टप्प्यावर त्यांहूनही अधिक, महत्त्व शस्त्राच्या सुधारणेला आहे. साधे शस्त्र राउंडटेबल होल्ड या मुक्कामावरील ह्यूग या लोहाराकडे +२५ पर्यंत जाते आणि तेथवर त्याचा मूळ मारा जवळजवळ अडीचपट होतो. लेव्हल ५० ला +६ म्हणजे तुम्ही मागे आहात. राया लुकारिया क्रिस्टल टनेलच्या शेवटी असलेल्या क्रिस्टलियनला हरवले की खाणकामगाराची बेल बेअरिंग ही वस्तू मिळते. ती राउंडटेबल होल्डमधील जुळ्या दासींना दिली की पहिल्या दोन प्रतींचे स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारण्यासाठी लागणारे दगड) रून्स, म्हणजे खेळातले चलन, देऊन विकत घेता येतात. तिसऱ्या प्रतीचे दगड केलिड आणि आसपासच्या खाणींत शोधावे लागतील, आणि क्लेमोर +९ झाल्याशिवाय राडानकडे जाऊ नये.

एक शंका उरते. पत्रात चिलखताचा उल्लेख नाही, पण एन्ड्युरन्स १५ असताना अंगावर जड चिलखत असेल, तर एकूण ओझे मर्यादेच्या ७० टक्क्यांवर गेलेले असू शकते. तसे असल्यास रोल, म्हणजे वार चुकवण्याची कोलांटी, मंद आणि बोजड होतो आणि राडानचे बाण चुकत नाहीत. शिरस्त्राण काढल्याने ओझे ७० च्या खाली येत असेल, तर ते खुशाल काढावे.

प्रश्न : ॲस्ट्रॉलॉजर निवडला आहे. जादूगाराने व्हिगरवर गुण खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या मित्राला बहुधा शत्रू जवळ येऊ न देण्याची कला साधली आहे. ज्याला ती साधायची आहे त्याने तोवर जिवंत राहिले पाहिजे, आणि ॲस्ट्रॉलॉजरचे व्हिगर तर अवघे ९ असते. पहिले दोन गुण मात्र इंटेलिजन्सलाच द्या. ते १६ वरून १८ झाले की केलिडच्या दलदलीत, स्ट्रीट ऑफ सेजेसच्या भग्नावशेषांत सापडणारी मीटिओराइट काठी वापरता येते, आणि तेथेच मिळणारा रॉक स्लिंग हा मंत्रही. ही काठी सुधारता येत नाही, पण इंटेलिजन्ससाठी तिचा दर्जा पहिल्यापासून ‘एस’, म्हणजे सर्वोच्च, असल्याने ती खेळाच्या अर्ध्यापर्यंत सहज पुरते. तेथे चालत नव्हे, तर घोड्यावरून, वाटेत कोणाशीही न लढता जावे. त्यानंतर व्हिगर २५ होईपर्यंत दोन्ही खाती आलटून-पालटून भरावीत. माइंडची घाई नको. ते आधीच १५ आहे, आणि कमी पडल्यास ग्रेस या विश्रांतीच्या जागेजवळ बसून फ्लास्कची (हेल्थ आणि जादूची शक्ती भरून काढणाऱ्या बाटल्यांची) वाटणी बदलता येते, तीही फुकट.

प्रश्न : स्पिरिट ॲशेस (मदतीला येणारे आत्मे) बोलावून बॉसला हरवले तर तो विजय खरा मानावा का?

उत्तर : मानावा. स्पिरिट ॲशेस खेळाच्या कर्त्यांनीच त्यात ठेवल्या आहेत.

प्रश्न : लेव्हल १५०, व्हिगर ६०, शस्त्र +२५. मूळ खेळ पूर्ण केला. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’मध्ये शिरलो आणि बेल्युराटमधील नाचत्या सिंहाने दोन-तीन तडाख्यांत संपवले. माझा बिल्ड कालबाह्य झाला आहे का?

उत्तर : बिल्डला हात लावू नका. जून २०२४ मध्ये आलेल्या या विस्तारात शक्तीचे दुसरेच माप आहे. शॅडोच्या प्रदेशात स्कॅडूट्रीचे तुकडे सापडतात, ते ग्रेसजवळ अर्पण केल्यावर आशीर्वादाची पातळी वाढते आणि तुमचा मारा व सहनशक्ती दोन्ही सुधारतात. या २० पातळ्या आहेत आणि त्या त्याच प्रदेशात लागू होतात. तुम्ही सरळ सिंहाच्या दारात गेलात, म्हणजे बहुधा शून्य किंवा एका पातळीवर होतात, आणि तेथे तुमच्या ६० व्हिगरचीही मात्रा चालत नाही. आणखी दहा लेव्हल वाढवण्यापेक्षा एक संध्याकाळ निव्वळ भटकंतीस द्यावी. मिकेलाचे क्रॉस शोधा, त्यांपैकी अनेकांच्या पायथ्याशी तुकडा असतो. ग्रेव्हसाइटच्या मैदानातील क्रॉसपासून सुरुवात करा, आशीर्वाद तीन-चार पातळ्यांवर न्या आणि त्याच शस्त्रासह, त्याच चिलखतात सिंहाकडे परता.