बेंच ड्रिलवर होल मारताना दर वेळी जॉब बांधायलाच हवा का?

तुम्ही लिहिलंय की घरच्या गॅरेजात 13 मिमी चकचं (ड्रिल पकडणाऱ्या जबड्याचं) बेंच ड्रिल घेतलंय, एमएस (माइल्ड स्टील) पट्टीला 10 मिमीची होलं आणि 2 मिमी पत्र्याला 12 मिमीची होलं मारायची आहेत, व्हिडिओत बरेच जण जॉब, म्हणजे होल मारायचा तुकडा, हाताने धरतात, आणि दर वेळी बांधत बसलं तर वेळ फार जातो. मी फिटर आहे, रोजचं काम ड्रिलवरच. पट्टी हाताने धरू नका, आणि पत्रा तर कधीच नाही.

ड्रिल धातूत उतरत असतं तोवर हाताला काही विशेष जाणवत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. धोका शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये असतो. टोक पलीकडे निघालं की खाली फक्त पातळ कड उरते. मग हँडलवरचा विरोध अचानक संपतो, तुमचा दाब मात्र तेवढाच असतो, आणि ड्रिलच्या धारा ती कड एकदम चावतात. पिळाच्या खाचांवरून जॉब वर चढतो आणि चकबरोबर गरगर फिरायला लागतो.

आता थोडा हिशोब. एमएसला कटिंग स्पीड (ड्रिलची धार धातूवर सरकायचा वेग) मिनिटाला 25 मीटर धरला तर 10 च्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला मिनिटाला साधारण 800 फेरे येतात, म्हणजे सेकंदाला 13. हात काढायला हवा हे ध्यानात येईपर्यंत पट्टी दोन-अडीच वेळा फिरून गेलेली असते. जोराचंही बघा. मोटर अर्ध्या एचपीची असेल आणि बोटं होलापासून अडीच सेंटिमीटरवर असतील, तर पूर्ण ताकदीला बोटांवर 18 किलोच्या आसपास जोर येतो. तोच जॉब 30 सेंटिमीटरवर अडवला तर दीड किलोच. छोटा जॉब हातात धरायला सोपा वाटतो, पण जास्त घातक तोच.

मी शिकाऊ असताना 40 बाय 5 मिमीच्या पट्टीचा वीतभर तुकडा डाव्या हाताने धरून 10 चं होल मारत होतो. आधीची सात झाली होती, आठव्याला ड्रिल चावलं. पट्टीच्या कोपऱ्यावरची बुर (कापल्यावर उरलेली धारदार कड) अंगठ्याच्या मुळाशी घुसली, तीन टाके पडले. टाके निघाल्यावर आमच्या मोठ्या मिस्त्रींनी माझा हात हँडलवर ठेवला, वर स्वतःचा ठेवला आणि म्हणाले, "डोळे नको, कान लाव." व्हाइसमध्ये (जबड्यांत आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) बांधलेल्या जॉबात ड्रिल उतरत होतं, आवाज भरीव होता. पलीकडे निघायच्या जरा आधी तो पोकळ झाला, आणि त्याच क्षणी त्यांनी हँडलवरचा दाब जवळजवळ काढून घेतला. तो आवाज एकदा ओळखता आला की हात आपोआप हलका होतो. तुम्ही आधी भंगारातल्या बांधलेल्या तुकड्यावर पाच-सहा होलं फक्त ऐकत मारा.

बांधायचं कसं? पट्टीसाठी ड्रिल व्हाइस घ्या आणि तो टी-बोल्टने (टेबलाच्या खाचेत डोकं अडकणाऱ्या बोल्टने) टेबलाला आवळा. नुसता ठेवलेला व्हाइस 10 च्या ड्रिलबरोबर सहज फिरतो. जॉबखाली दोन सारख्या उंचीच्या पॅरलल पट्ट्या अशा ठेवा की होल त्यांच्या मधोमध येईल. व्हाइस आवळल्यावर जॉबवर लाकडी हातोडीने हलकं ठोका आणि पॅरलल बोटाने हलवून बघा. हलत असतील तर जॉब नीट बसलेला नाही.

व्हाइसमध्ये मावत नसेल तर क्लॅम्प. इथे बरेच जण एक चूक करतात. क्लॅम्पच्या मागचं पॅकिंग (त्याचं दुसरं टोक टेकायचा ठोकळा) जॉबएवढंच किंवा किंचित उंच हवं, आणि बोल्ट जॉबच्या जवळ हवा. बोल्ट पॅकिंगकडे सरकला की तुम्ही पाना कितीही आवळा, बहुतेक जोर पॅकिंगच खातं. पॅकिंग ठेंगणं असलं तर क्लॅम्प जॉबच्या नुसत्या कडेवर टेकतो. गोल जॉब असेल तर व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा.

लांब पट्टीला एक सोय आहे. वरून बघितलं तर ड्रिल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. पट्टीचा लांब भाग तुमच्या डावीकडे ठेवलात तर तो मागे, मशीनच्या खांबाकडे जायला बघतो. मग तो आधीच खांबाच्या डाव्या अंगाला टेकवून ठेवा, फिरायला जागाच राहत नाही. पण जॉब वर उचलला जायचा तो जातोच, म्हणून 6 मिमीच्या होलापुढे मी एवढ्यावर भागवत नाही.

पत्र्याचं वेगळं आहे. नेहमीच्या 118 अंशांच्या ड्रिलचं टोक व्यासाच्या साधारण 0.3 पट उंच असतं, म्हणजे 12 च्या ड्रिलला 3.6 मिमी. तुमचा पत्रा 2 मिमी. पूर्ण धार आत जायच्या आतच टोक खाली निघून गेलेलं असतं, मध्ये आधार राहत नाही, होल तिकोनी पडतं आणि पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांत घालून दोन सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा आणि प्लायसकट होल मारा. स्टेप ड्रिल (पायरीपायरीने जाड होत जाणारं) मिळालं तर आणखी सोपं, पण बांधायचं तरीही.

हातमोजे घालू नका, ड्रिल मोज्यासकट बोट ओढून घेतं. धातूचा कीस ब्रशने काढा, तोही मशीन थांबवून. आणि जॉब फिरलाच तर धरायला जाऊ नका. हात मागे, आधी स्विच बंद.

राहिला वेळ. एकसारखे तीस तुकडे असतील तर पहिल्याच जॉबला दहा मिनिटं द्या: व्हाइस टेबलाला आवळा, सेंटर पंचच्या खुणेवर (होलाच्या जागी ठोकून पाडलेल्या बारीक खड्ड्यावर) ड्रिल जुळवा, आणि जॉबचं टोक अडेल असा एक तुकडा व्हाइसच्या बाजूला क्लॅम्पने पक्का करा. पुढच्या एकोणतीस तुकड्यांना ना खूण लागते ना पंच. टोक त्या तुकड्याला टेकवायचं, व्हाइस आवळायचा, होल मारायचं. हाताने धरून एवढ्या वेगाने आणि एवढ्या सारख्या अंतरावर मला तरी कधी जमलेलं नाही.