आधी तिचा फोन तिला परत द्या

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. मुलगी बारावी सायन्सला आहे, नीटचा क्लास लावलाय. आता म्हणते, कायदा शिकून डिजिटल मानवी हक्कांवर काम करायचं. हे युनोचं काम, सांगलीच्या पोरीला तिथे कोण विचारतं? हे खूळ मोबाइलमुळेच शिरलं, म्हणून रोज रात्री तिचा फोन घेऊन मेसेज वाचतो. तिला कसं समजावू? – एक पालक

उत्तर : मेसेज वाचण्याबद्दलचं तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही वाचत असता तेव्हा ती समोर उभी असते की आत निघून जाते? मला काळजी त्याची वाटते. उद्या कुणी फोटोवरून धमकावलं, तर ती तुमच्याकडे येईल का? शिवाय तिच्या मैत्रिणींनी विश्वासाने लिहिलेलंही तुम्ही वाचता. अडतीच्या वहीत कुठल्या शेतकऱ्याची किती उचल बाकी आहे, हे तुम्ही दुसऱ्याला दाखवता का? नाही ना? मग खासगीपणा म्हणजे काय, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १६वं कलम मुलांच्या खासगीपणाचं आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. हा हक्क मोबाइल-इंटरनेटवरही लागू आहे आणि पालकांची देखरेख मुलाच्या वाढत्या समजेला धरून, बेताची असावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये सांगितलं. तुमची मुलगी शिकू पाहतेय ते हेच.

आता ‘युनोचं काम’. हा गैरसमज पुष्कळांचा आहे. माक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियातला कायद्याचा विद्यार्थी. २०११ मध्ये त्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली, तर १,२०० पानं आली. पुसलेले मेसेजसुद्धा त्यात होते. त्याने तक्रारी केल्या, आणि युरोपातली माहिती अमेरिकेत नेण्याची, हजारो कंपन्या वापरत असलेली व्यवस्था २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने रद्द ठरवली. आपल्याकडे खासगीपणा मूलभूत हक्क आहे हा २०१७ चा निकाल निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवर आला, आणि त्यात आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेतलाय. एका माणसाच्या तक्रारीतून नियम बदलतात, ते असे. तक्रार सांगलीतूनही लिहिता येते.

वाट सरळ आहे : कुठल्याही शाखेतून बारावी, मग क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) किंवा राज्याची विधी सीईटी आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम. सुरुवातीला डॉक्टरकीएवढा पैसा मिळणार नाही, हे तिलाही सांगा. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती मोठ्या प्रमाणावर हाताळणाऱ्या ज्या संस्था सरकार ठरवेल, त्यांना भारतातच डेटा संरक्षण अधिकारी नेमावा लागणार आहे. काम आहे, आणि वाढणार आहे.

नीटचा फॉर्म भरायचा की नाही, ते तिच्याशी बसून ठरवा. आज रात्री मात्र फोन तिच्याकडेच राहू द्या. कसली भीती वाटत असेल, तर ती तिला तोंडाने सांगा.